नक्षीचे पत्ते आणि हुकुमांच्या पट्ट्या

सोलापुरी चादर ज्या घरांत नाहीं असें घर महाराष्ट्रांत विरळा. तिच्या अंगावरील मोर, फुलें, वेलींच्या चौकटी आपण नित्य पाहतों. परंतु ही नक्षी मागास कोण सांगतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ती सांगतात मागाच्या डोक्यावरून माळेसारखे फिरणारे पुठ्ठ्याचे पत्ते. पत्त्यावर जेथें भोंक असेल तेथील आंकडा उचलला जाऊन ताण्याचा धागा वर येतो. जेथें भोंक नसेल तेथें धागा खालींच राहतो. मधून धोटा एकदां गेला कीं पुढला पत्ता सरकून येतो. फ्रान्समधील लिआँ शहरचा जोसेफ मारी जॅकार यानें १८०४ च्या सुमारास ही युक्ति सिद्धीस नेली. तिला आमच्याकडील मागवाल्यांनीं ‘जेकार्ड’ म्हणून आपलेंसें करून घेतलें.

या पत्त्यांविषयीं एक गोष्ट विणकरांस पक्की ठाऊक असते व बाहेरच्यांस क्वचितच ठाऊक असते. पत्त्यावर एकटी नक्षी नसते. नक्षी आणि तें विशिष्ट यंत्र अशीं दोन्हीं मिळून त्यावर उमटलेलीं असतात. यंत्राचे आंकडे किती, दोन भोंकांमधील अंतर किती, यांवर पत्त्याची रचना ठरते. चारशें आंकड्यांच्या यंत्राकरितां पाडलेली माळ सहाशें आंकड्यांच्या यंत्रावर चढविली तर मोराचा मोर राहत नाहीं. अशा वेळीं जाणता कारागीर पत्त्यांशीं झटत बसत नाहीं. नक्षी मुळांत चौकटींच्या कागदावर रंगविलेली असते. तो कागद पुढें घेऊन तो नव्या यंत्राच्या मापानें नवे पत्ते पाडवून घेतो. कागद जपलेला असेल तर नक्षी जगते. कागद हरवला आणि नुसती माळ उरली, तर जुनें यंत्र ज्या दिवशीं मोडीत निघतें त्या दिवशीं नक्षीहि त्याच्याबरोबर जाते. १९८३ पासून विजेच्या संकेतांनीं चालणारीं जेकार्ड-यंत्रें जगांत येऊं लागलीं व पुठ्ठ्याचा पत्ताच अनावश्यक झाला, तेव्हां हा भेद अधिकच उघड झाला.

सोलापुरास हा अनुभव पिढ्यान् पिढ्या आहे. १८७७ सालीं जुनी गिरणी सुरू झाली; तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं शहराचा पूर्व भाग मागांच्या खडखडाटानें भरून टाकला; हातमागांच्या जागीं यंत्रमाग आले, गिरण्या बंद पडल्या, अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलांचे कारखाने उभे राहिले. परंतु मागाखालचा हा इतिहास सांगणें आमचा आजचा हेतु नव्हे. त्याच कारखान्याच्या माडीवर, जेथें हिशेबनीस बसतो, तेथेंहि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत एक तसलाच इतिहास घडला आहे. तो कोणी लिहून ठेवीत नाहीं, कारण त्यांत ना संप आहे ना सत्याग्रह. संगणकावरील हिशेबाच्या पत्रकास माणसांनीं आपल्या हातांनीं जोडलेल्या हुकुमांच्या पट्ट्या, ज्यांस सर्वजण ‘टूलबार’ म्हणतात, त्या एका आवृत्तींतून दुसरींत जिवंत कशा नेल्या, याचा हा इतिहास आहे.

टॉवेल-चादरींचा एखादा कारखाना कल्पावा. त्याच्या हिशेबनिसास दर आठवड्यास दोन गोष्टी कराव्या लागतात: कामगारांची नगावर मजुरी काढणें, आणि सूत किती लागलें तें पाहणें. सुताचा हिशेब बाहेरून दिसतो तितका सरळ नाहीं. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडांत ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात ती संख्या. म्हणजे १० नंबरचें सूत एका पौंडांत ८४०० यार्ड भरतें. चादरीच्या ताण्यांत दोन हजार धागे प्रत्येकीं तीन यार्डांचे धरले तर ६००० यार्ड झाले, आणि त्यांचें वजन झालें ६००० भागिले ८४००, अर्थात् पाऊण पौंडाहून किंचित् कमी. त्यांत बाणा मिळवावयाचा, घट धरावयाची, नक्षीप्रमाणें रंगाचें सूत निराळें काढावयाचें. हें सर्व एकदां सूत्रांत बांधून, ‘मॅक्रो’ नांवाच्या हुकुमांच्या मालिकेंत गोंवून, त्या मालिकेस एक लहानसें चित्र चिकटविलें कीं झाला टूलबारवरचा एक खटका. दुसरा खटका मजुरीचा, तिसरा बिलाचा. हिशेबनिसाची वीस वर्षांची समज त्या चार बोटें रुंदीच्या पट्टींत येऊन बसते. नवा संगणक आला आणि सकाळीं पट्टीच दिसेनाशी झाली, तर शनिवारची मजुरी अडते; आणि त्याहून वाईट म्हणजे, ज्यानें ती पट्टी बांधली तो निवृत्त झालेला असल्यास तींत काय होतें हें कोणासच सांगतां येत नाहीं.

हा घोटाळा टूलबारांच्याहि आधींचा आहे. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँक्स्टन यांचें ‘व्हिसीकॅल्क’ हें पत्रक १९७९ त बाजारांत आलें. १९८३ च्या जानेवारींत आलेल्या ‘लोटस १-२-३’ नें त्यास मागें टाकलें. लोटसमध्यें मॅक्रो लिहिण्याची रीत मोठी साधी होती. मेनू उघडण्यास तिरपी रेघ, मग प्रत्येक हुकुमाचें पहिलें अक्षर. तिरपी रेघ, ‘एफ’, ‘एस’ म्हणजे फाईल जपून ठेव. बोटें जीं अक्षरें दाबतात तींच पत्रकाच्या एका घरांत ओळीनें लिहून ठेवावयाचीं, झाला मॅक्रो. शिकावयास इतकें सोपें दुसरें कांहीं नव्हतें, आणि म्हणूनच जगभरच्या कचेऱ्यांतून हिशेबनिसांनीं असे मॅक्रो ढिगांनीं लिहिले. परंतु या सोपेपणांतच गोम होती. मॅक्रो हुकुमाचा अर्थ साठवीत नव्हता. मेनूंतील त्या हुकुमाची जागा साठवीत होता. मेनूची उतरंड बदलली कीं तीच अक्षरें भलतेंच काम करणार. जेकार्डचा पत्ता तो हाच.

पुढें बोरलँड कंपनीनें ‘क्वात्रो प्रो’ हें प्रतिस्पर्धी पत्रक काढलें. लोटसवर लिहिलेले मॅक्रो आपल्या पत्रकांत चालावेत म्हणून तिनें लोटसच्या मेनूंतील शब्द व त्यांची उतरंड जशीच्या तशी आपल्यांत घेतली. लोटसनें १९९० त मॅसॅच्युसेट्समध्यें फिर्याद ठोकली, कीं मेनूची रचना ही आमची साहित्यकृति आहे. खालच्या न्यायालयानें लोटसचें म्हणणें मान्य केलें. मार्च १९९५ मध्यें अपील न्यायालयानें तें फिरविलें. मेनू ही यंत्र चालविण्याची पद्धति आहे, आणि पद्धतीवर ग्रंथस्वामित्व सांगतां येत नाहीं, असा त्याचा आशय. त्याच निकालास न्यायमूर्ति बूडिन यांनीं जोडलेलें स्वतंत्र मत आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. मेनू शिकण्यांत व त्यावर मॅक्रो रचण्यांत जे कष्ट गेले ते वापरणाऱ्यांचे होते, लोटसचे नव्हते; मग त्या कष्टांमुळें तेच लोक लोटसच्या खुंटीस कां बांधले जावेत, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. जानेवारी १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्तींचीं मतें चार विरुद्ध चार अशीं समसमान पडलीं, व अपिलाचा निकाल कायम राहिला. कोट्यवधि माणसांनीं ज्या शब्दांत आपलें काम लिहून ठेवलें ते शब्द कोणाचे, हा प्रश्न न्यायासनापुढें इतक्या स्पष्टपणें क्वचितच आला असेल. दुर्दैव इतकेंच कीं निकाल लागेपर्यंत बाजार तिसऱ्याच पत्रकाकडे वळला होता.

तें तिसरें पत्रक म्हणजे मायक्रोसॉफ्टचें ‘एक्सेल’. १९८५ त मॅकिंटॉशवर व १९८७ त विंडोजवर आलेलें. लोटसच्या गिऱ्हाइकांस आपल्याकडे ओढण्याकरितां एक्सेलनें लोटसच्या संवयी तर उचलल्याच, पण त्याची चूकहि उचलली. शतकाचें वर्ष चारशेंनीं भागलें जात नसेल तर तें लीप वर्ष नव्हे, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक असतें. तरी लोटसनें १९०० हें लीप वर्ष धरलें होतें. जुन्या पत्रकांतील तारखांचे आंकडे बिघडूं नयेत म्हणून एक्सेलनें २९ फेब्रुवारी १९०० हा कधींहि न उगवलेला दिवस आपल्या पंचांगांत घेतला, व तो आजतागायत आहे. तिरपी रेघ दाबली कीं मेनू जागा होतो, हाहि लोटसचाच वारसा, आणि तोहि अद्याप चालू आहे. म्हणजे जुनें टिकविणें अशक्य असतें असें नाहीं. टिकवावयाचें मनांत असलें तर प्रतिस्पर्ध्याची चूकसुद्धां चाळीस वर्षें संभाळतां येते.

एक्सेलमध्यें टूलबार आले ते १९९० च्या तिसऱ्या आवृत्तींत. १९९३ च्या पांचव्या आवृत्तीबरोबर ‘व्हिज्युअल बेसिक’ ही भाषा मॅक्रोंकरितां आली, आणि लोटसचें दुखणें बरेंच बरें झालें. कारण आतां मॅक्रो मेनूंतील जागेनें न चालतां वस्तूच्या नांवानें चालूं लागले. रकान्यास रकाना म्हणावें, पानास पान म्हणावें. मेनू कोठेंहि असो. परंतु मॅक्रो सुधारले तरी त्यांस हांक मारणारी पट्टी जुन्याच रोगानें ग्रस्त राहिली. एक्सेल ९७ त ती पट्टी ठेवण्याच्या दोन जागा होत्या. एक, त्या संगणकावरील त्या माणसाच्या खात्यांत, ‘एक्सएलबी’ असें शेपूट असलेल्या एका फाईलींत. दुसरी, हिशेबाच्या वहीसच चिकटवून. वहीस चिकटविलेली पट्टी वही उघडतांच बाहेर येई हें खरें. परंतु त्या नांवाची पट्टी खात्यांत आधींपासून असल्यास नवी पट्टी मुकाट्यानें मागें राही. हिशेबनीस पट्टींत सुधारणा करून वही मालकास देई, आणि मालकास जुनीच पट्टी दिसे. शिवाय प्रत्येक खटका आपल्या वहीचा पुरा ठावठिकाणा लक्षांत ठेवी. वही दुसऱ्या कप्प्यांत हलविली किंवा तिची प्रत काढली कीं नव्या वहींतील खटका दाबतांच जुनी वही उघडूं पाहे. घर बदललेल्या माणसाचीं पत्रें जुन्या पत्त्यावर जात राहावींत, तसा प्रकार. ही सोय अर्ध्यावर सोडून दिलेली होती, असें आमचें स्पष्ट मत आहे.

अनुभवी लोकांनीं मग पट्टी चिकटविण्याचें सोडूनच दिलें. वही उघडतांना मॅक्रोनेंच पट्टी पहिल्यापासून रचावी, प्रत्येक खटका नव्यानें बसवावा, पट्टी तात्पुरती आहे असें यंत्रास बजावावें, आणि वही मिटतांना ती पुसून टाकावी, अशी रीत पडली. आळशास हें द्राविडी प्राणायामासारखें वाटेल. परंतु यांत पट्टी साठविली जात नाहीं, तिची कृति साठविली जाते. खाते बदललें, कप्पा बदलला, संगणक बदलला तरी ती त्या जागीं पुन्हां उभी राहते. सोलापूरच्या नक्षीकारास हें सांगावें लागलें नसतें. त्याचा चौकटींचा कागद तो हाच.

तथापि कृति लिहिणाराहि फसे, आणि कधीं कधीं फार क्षुल्लक कारणानें. निरनिराळ्या आवृत्तींत पट्टी निराळी रचावी लागते. म्हणून मॅक्रो प्रथम एक्सेलला त्याची आवृत्ति विचारतो. एक्सेल उत्तर देतें, पण तें संख्या म्हणून देत नाहीं, अक्षरांची ओळ म्हणून देतें. एक्सेल ९७ म्हणतें ‘८.०’, २००० म्हणतें ‘९.०’, २००२ म्हणतें ‘१०.०’. अक्षरांची तुलना कोशांतल्या शब्दांप्रमाणें पहिल्या चिन्हावरून होते. तेथें एक नवाच्या आधीं येतो, म्हणून दहावी आवृत्ति नवव्या आवृत्तीहून जुनी ठरे! ज्यांनीं त्या ओळीची संख्या करून घेतली ते वांचले. पुढें २००७ ची आवृत्ति बारावी झाली आणि २०१० ची एकदम चौदावी. तेरावी झालीच नाहीं. (तेराव्याच्या भीतींत पूर्व-पश्चिम भेद नाहीं, हें पाहून आम्हांस करमणूक वाटली.) त्यानंतर २०१६, २०१९ व २०२१ या तिन्ही आवृत्ति आपला आंकडा सोळाच सांगतात, त्यामुळें तो आंकडा विचारून उपयोगहि उरला नाहीं. शहाण्यानें आतां आवृत्ति न विचारतां, हवी ती सोय तेथें आहे कीं नाहीं एवढेंच पाहावें.

खरा भूकंप झाला तो २००७ सालीं. मेनू व टूलबार दोन्हीं एकदम काढून टाकून मायक्रोसॉफ्टनें त्यांच्या जागीं ‘रिबन’ नांवाचा एक रुंद पट्टा आणला. मॅक्रोंनीं रचलेल्या जुन्या पट्ट्या मेल्या नाहींत; त्या ‘ॲड-इन्स’ नांवाच्या कोपऱ्यांतील एका पानावर, जागेचा व मापाचा मुलाहिजा न ठेवतां, ओळीनें उभ्या केल्या गेल्या. वाड्यांतल्या मंडळींस परसांतल्या पडवींत जागा मिळावी तसें झालें. नव्या पट्ट्यावर मानाची जागा हवी असेल तर एक्सएमएल नांवाच्या निराळ्याच लिपींत वर्णन लिहून तें वहीच्या पोटांत ठेवावें लागे. रिबनच्या सोयी-गैरसोयींविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु चूक तारखेस चाळीस वर्षें जपणाऱ्या कंपनीनें माणसांच्या हातच्या पट्ट्यांस इतका थोडा मान द्यावा, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. चुकलेली तारीख मोठ्या पेढ्यांच्या आंकड्यांत गुंतली होती. पट्ट्या कारकुनांच्या होत्या.

ज्यांस जुन्या व नव्या दोन्हीं आवृत्ति संभाळावयाच्या होत्या त्यांनीं दोन दरवाजे व एकच माजघर अशी रचना केली. मजुरी आणि सूत यांचे हिशेब करणारे मॅक्रो एकाच ठिकाणीं ठेवावयाचे, व त्यांत पट्टीचा किंवा रिबनचा उल्लेखसुद्धां येऊं द्यावयाचा नाहीं. बाहेर एक लहान भाग जुन्या एक्सेलसाठीं पट्टी रचणारा, दुसरा नव्यासाठीं रिबनचें वर्णन करणारा. २०१० त रिबनच्या वर्णनाचीहि सुधारलेली तऱ्हा आली, तेव्हां एकाच वहींत दोन वर्णनें ठेवण्याची सोय निघाली. २००७ चें एक्सेल आपलें तेवढें वाची व दुसऱ्याकडे दुर्लक्ष करी. २०१० तच एक्सेलची ६४ बिटांची आवृत्ति आली आणि विंडोजच्या अंतरंगांतील कामें परस्पर मागविणारे मॅक्रो जागोजाग अडूं लागले. त्यांच्या घोषणेंत फेरफार करावा लागे. २०१३ त प्रत्येक वहीस स्वतंत्र खिडकी मिळाली, तेव्हां जुनी पट्टी कोणत्या खिडकींत उमटेल हा नवाच प्रश्न उभा राहिला.

मराठी वाचकांस या प्रकरणांतील एक गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटेल. व्हिज्युअल बेसिकच्या संपादकांत देवनागरी अक्षर टंकितां येत नाहीं. टंकलें तर त्याच्या जागीं प्रश्नचिन्ह उमटतें. खटक्यावर ‘पगार’ एवढा चार चिन्हांचा शब्द मॅक्रोनें लिहावयाचा तर प्रत्येक चिन्हाचा युनिकोडांतील क्रमांक द्यावा लागतो: २३४६, २३२७, २३६६, २३५२. शब्द नव्हे, भोंकें पाडलेला पत्ताच तो! युनिकोडाच्या आधींच्या मराठी टंकांनीं तर रोमन अक्षरांच्या जागींच मराठी वळणें बसविलेलीं होतीं. तीं पत्रकाच्या घरांत शोभत, पण टूलबारवर तोच मजकूर रोमन अक्षरांचा कचरा होऊन दिसे. रिबनचें वर्णन मात्र साध्या मजकुरासारखें लिहिलें जातें व त्यांत देवनागरी सरळ चालते. ज्या बदलानें जुन्या पट्ट्या परसांत नेल्या त्याच बदलानें ‘पगार’ हा शब्द खटक्यावर सरळ अक्षरांत लिहिण्याची सोय केली. सोलापुरांत मराठीच्या जोडीस तेलुगु व कानडी बोलणारीं घरें आहेत. त्या लिप्यांनाहि तोच लाभ झाला. जुन्या पद्धतीचा पक्ष घेणाऱ्यांनीं ही जमेची बाजू विसरूं नये.

अलीकडच्या अडचणी निराळ्या कुळांतील आहेत. १९९६ त ‘लारू’ नांवाचा एक्सेलचा मॅक्रो-विषाणु निघाला, तेव्हांपासून मॅक्रो म्हटला कीं संशय हें समीकरण झालें. २०२२ पासून तर आंतरजालावरून आलेल्या वहींतील मॅक्रो विंडोजवरील एक्सेल मुळींच चालूं देत नाहीं, तुम्ही त्या फाईलीच्या गुणधर्मांत जाऊन बंदी उठवीपर्यंत. त्यामुळें हिशेबनिसानें पुण्याच्या शाखेस टपालानें, म्हणजे ई-मेलनें, पाठविलेली वही तेथें मुकी होऊन पोहोंचते. ही सावधगिरी आम्ही योग्यच समजतों, पण तिचा खर्च पुन्हां त्याच माणसाच्या अंगावर पडतो. आणि एक्सेलची जी प्रत आंतरजालाच्या ब्राउझरमध्यें चालते, तींत व्हिज्युअल बेसिक चालतच नाहीं. तेथें ‘ऑफिस स्क्रिप्ट्स’ नांवाचे निराळे हुकूम निराळ्या भाषेंत लिहावे लागतात. सुतास ८४०० नें भागावयाचें हें तेथें पुन्हां प्रथमपासून सांगावें लागतें. आणि ज्याच्याकडे तें कागदावर साध्या मराठींत लिहिलेलें आहे, त्याचा त्यांत एखादा दिवस जातो. मेजावरच्या एक्सेलमध्यें मात्र १९९७ च्या रीतीनें रचलेली पट्टी आजहि, ‘ॲड-इन्स’च्या पानावर, आपल्या जुन्या लहान चित्रांसह उभी राहते, आणि खटका दाबला कीं मजुरी काढून देते.